धरणांच्या पाण्यावरील नौकाविहार व काठच्या शेतकऱ्यांचें कर्तव्य

शेतकीच्या मासिकांत नौकाविहाराची चर्चा पाहून कांहीं वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. कांद्याचा भाव, उसाचें बिल, खताची टंचाई हे विषय समोर असतां होडींतून हिंडणाऱ्या हौशी लोकांची उठाठेव आपण कां करावी, असा त्यांचा प्रश्न असणार. आणि तो गैर आहे असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु थोडा विचार केला असतां हा व्यवहार परक्याचा नसून आपल्याच अंगणांतला आहे, हें कोणाच्याहि ध्यानांत येईल. कोंकणपट्टी सोडली तर महाराष्ट्रांत ज्या पाण्यावर लोक हौसेनें होड्यांतून फिरतात, तें बहुतेक सारें पाणी नद्या अडवून आपल्या जमिनींवर उभें केलेलें आहे. कोयनेचा शिवसागर, भीमेवरील उजनीचा जलाशय, मावळांतील पवना, प्रवरेवरील भंडारदरा; यांच्या तळाशीं कोणाचीं शेतें आहेत, कोणाच्या विहिरी आहेत, कोणाचीं गांवठाणें आहेत. आणि त्या पाण्यावर आज ज्या होड्या चालतात त्यांचे मालक व नावाडी पाहिले तर ते पुष्कळ अंशीं काठच्या खेड्यांतील शेतकरी, धरणग्रस्त आणि मच्छीमार हेच आहेत. तेव्हां तेथें जें बरें घडेल त्याचा लाभ आपला, आणि जें वाईट घडेल त्याचा दोषहि आपल्याच दारीं येणार.

शहरच्या माणसाला मोकळ्या हवेची ओढ लागली आहे ही गोष्ट आतां कोणी नाकारूं शकत नाहीं. शनिवार उजाडला कीं पुण्यामुंबईकडील मोटारी घाटांच्या व धरणांच्या दिशेनें निघतात. पवनेच्या काठीं पूर्वीं नाचणी व भात होत असे त्या बांधांवर आज तंबू ठोकलेले दिसतात. भंडारदऱ्यास वळवाच्या दिवसांत काजवे पाहण्यास झुंबड उडते. भिगवणजवळ कुंभारगांव व डिकसळ येथील मच्छीमार हिवाळ्यांत रोहित पक्षी दाखविण्यास पाहुण्यांना होडींतून नेतात. तापोळा व बामणोली येथें स्थानिक लोकांच्या बोट क्लबांच्या होड्या चालतात, आणि वासोट्यास जाणारा बहुतेक प्रवासी बामणोलीहून होडीनेंच पलीकडे उतरतो. सन २०२० मध्यें राज्य सरकारनें कृषिपर्यटनाचें धोरण जाहीर केलें, त्याच वर्षीं महामारीनें लोकांस घरांत कोंडलें, आणि कोंडमारा सुटल्यावर हीच माणसें दुप्पट उत्साहानें उघड्या माळावर व पाण्यावर आलीं. शेतकऱ्यास हा पैसा कोरडवाहू पिकाच्या पैशापेक्षां पुष्कळ वेळां अधिक भरंवशाचा वाटतो. आम्हीं या जोडधंद्याच्या विरुद्ध नाहीं. उलट ज्यांच्या जमिनी पाण्याखालीं गेल्या त्यांना त्या पाण्यापासून चार पैसे मिळावेत यांत एक प्रकारचा न्यायच आहे.

पण जेथें नवखे लोक एकदम वाढतात तेथें अपघातहि वाढतात, हा अनुभव आपल्याच देशाचा आहे असें नाहीं. अमेरिकेंत हौशी नौकाविहाराच्या अपघातांची गणना तेथील तटरक्षक दल दरसाल प्रसिद्ध करीत असतें. त्या गणनेप्रमाणें सन २०१९ मध्यें ६१३ माणसें दगावलीं होतीं. पुढच्याच सालीं महामारीच्या निमित्तानें लाखों लोक पहिल्यांदाच होडीकडे वळले, आणि मृतांचा आंकडा ७६७ वर गेला. तो ओघ पुढें ओसरला व सन २०२३ मध्यें आंकडा ५६४ पर्यंत खालीं आला. त्या ५६४ मृत्यूंची जी छाननी झाली ती आपण नीट वाचण्यासारखी आहे. ज्यांच्या मृत्यूचें कारण कळलें त्यांपैकीं शेंकडा ७५ माणसें बुडून मेलीं. आणि बुडालेल्यांपैकीं शेंकडा ८७ जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतें. प्राणघातक अपघातांच्या ज्ञात कारणांत मद्यपानाचा क्रमांक पहिला. होडी लहान असली म्हणजे भय कमी, असा जो आपल्याकडे समज आहे त्यालाहि तेथें आधार मिळत नाहीं. बुडून मेलेल्यांतील बहुतेकजण एकवीस फुटांहून लहान होड्यांतले असतात. सन १९७१ मध्यें त्या देशांत होड्यांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला, त्या सुमारास दरसाल सुमारें दीड हजार माणसें अशीं मरत असत. होड्यांची संख्या त्यानंतर कितीतरी वाढली, आणि मृत्यु मात्र जवळजवळ एकतृतीयांशावर आले. म्हणजे ही दैवाची गोष्ट नव्हे, शिस्तीची आहे.

आतां आपल्या घरचें पाहूं. २१ मे २०२४ रोजीं संध्याकाळच्या सुमारास करमाळा तालुक्यांतील कुगांवहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे उजनीच्या फुगवट्यांतून एक होडी निघाली होती. होडींत सातजण होते, त्यांत लहान मुलेंहि होतीं. दिवस वैशाखाचे. अकस्मात वादळी वारा सुटला, लाटा उसळून होडींत पाणी शिरलें आणि ती उलटली. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागला. बाकीचीं सहा माणसें बुडालीं. त्यांचे देह सांपडण्यास दोन दिवस लागले. हे लोक कांहीं मौजेसाठीं निघाले नव्हते. धरणाच्या दोन्ही काठांवरील गांवांत सोयरिकी आहेत, व्यवहार आहेत, आणि सडकेनें जावें तर मोठा वळसा पडतो. म्हणून उजनीच्या काठचे लोक पिढीभर होडीनें ये-जा करीत आले आहेत, होडींत माणसांबरोबर मोटारसायकलीहि चढवितात. हा विषय केवळ शहरच्या पाहुण्यांचा नाहीं, असें आम्हीं म्हणतों तें यासाठींच. ज्या होडींत रविवारीं पाहुणा बसतो तीच होडी सोमवारीं आपल्या लेकीला सासरीं पोंचविते. पाहुण्यासाठीं केलेली सोय घरच्या माणसालाहि तारील; आणि घरच्या माणसाच्या बाबतींत जी हयगय चालते तीच पाहुण्याच्या बाबतींतहि चालूं लागते.

मौजेसाठीं निघालेल्यांचीं उदाहरणें तर याहून भयंकर आहेत. केरळांत थेक्कडी येथें पेरियार नदीवरच्या धरणाच्या जलाशयांत ३० सप्टेंबर २००९ रोजीं दुमजली बोट उलटून ४५ माणसें मेलीं. काठावर जनावरें दिसल्यामुळें वरच्या मजल्यावरील उतारू तीं पाहण्यास एका बाजूस धांवले, एवढेंच निमित्त पुरलें. त्याच राज्यांत तानूर येथें ७ मे २०२३ रोजीं २२ माणसें बुडालीं. ती मुळांत मासेमारीची होडी होती. तिला वर मजला चढवून सहलीची बोट बनविलें होतें, उतारू परवानगीपेक्षां अधिक भरले होते आणि सूर्य मावळून गेला होता. बडोद्याच्या हरणी तलावांत १८ जानेवारी २०२४ रोजीं शाळेची सहल आली असतां १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडून मेल्या. तेथेंहि होडीच्या क्षमतेहून कितीतरी अधिक मुलें बसविलीं होतीं, आणि कित्येकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतें. त्याच वर्षीं १८ डिसेंबरला मुंबईच्या बंदरांत घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाची चांचणी चालू असतां आदळली व १५ माणसें गेलीं. या शेवटच्या अपघातांत बोटवाल्याकडे आघाताचा दोष नव्हता. तरी परवान्यांत ८४ उतारू लिहिलेले असतां त्याहून अधिक भरले होते, ही गोष्ट राहतेच. दुसऱ्याच्या चुकीनें अपघात झाला तरी आपली बोट भरगच्च असेल तर मरणारांची संख्या आपणच वाढविलेली असते.

या साऱ्या प्रकरणांत जागा निराळ्या, पाणी निराळें, माणसें निराळीं; परंतु कारणें तींच तीं आहेत. अधिक भार, उभे राहिलेले किंवा एका बाजूस गेलेले उतारू, अवेळ, वारा, आणि अंगावर नसलेलें जॅकेट. यांतील भाराची गोष्ट शेतकऱ्यास विशेष समजावून सांगावी लागूं नये. कडब्याची गाडी जितकी उंच रचावी तितकी ती उतारावर कलंडते. तोच कडबा खालीं पसरून भरला तर तेवढ्याच वजनाची गाडी बिनधोक जाते. होडींत उभा राहिलेला माणूस म्हणजे उंच रचलेला कडबा होय. दहा माणसें खालीं बसलीं असतां जी होडी स्थिर असते तीच होडी त्यांतलीं पांच माणसें छायाचित्र काढण्यास एकाच बाजूला उभीं राहिलीं म्हणजे उलटते, आणि तिच्या कडेवरून एकदां पाणी आंत आलें कीं सावरण्यास अवधि मिळत नाहीं. कारण आंत आलेलें पाणी जागच्या जागीं राहत नाहीं. अर्धवट भरलेला पाण्याचा टँकर ट्रॅक्टरमागें लावून वळण घेणाऱ्यांनीं तो भरलेल्या टँकरापेक्षां अधिक हिसके देतो हें अनुभविलेंच असेल. तसेंच होडींतलें पाणी होडी ज्या बाजूस झुकेल त्याच बाजूस धांवतें आणि तिला आणखी झुकवितें. म्हणून होडींत वीतभर पाणी सांचलें असतां ‘चालतें तेवढें’ म्हणणारा नावाडी जवळ ठेवूं नये. दुमजली बोटींविषयीं तर आमचें मत स्पष्ट आहे. ज्या होडीची घडण खालीं जाळें व मासे वाहण्यासाठीं झाली तिच्यावर मजला चढविणें म्हणजे बैलगाडीवर माडी बांधणें होय. केरळांतील प्रसिद्ध निवासी नौकांचें मूळहि भात वाहणाऱ्या जुन्या होड्यांत आहे हें खरें. परंतु कुट्टनाडचें भात वाहणारी ती केट्टुवल्लम रुंद, खोल व मोठ्या भाराची असे. तिचें उदाहरण देऊन आपल्याकडच्या अरुंद होडक्यांवर छत व कठडे चढविणाऱ्यांनीं आधीं दोहोंची रुंदी मोजून पाहावी.

वाऱ्याचें गणित धरणावर नदीपेक्षां निराळें असतें. नदीच्या पात्रांत वाऱ्याला धांवण्यास जागा नसते. फुगवट्यावर त्याला मैलोगणती मोकळें पाणी मिळतें, आणि जितकें अंतर अधिक तितकी लाट मोठी होते. ज्या नावाड्यानें पूर्वीं बापाच्या हाताखालीं नदीवर तर चालविली त्याचा अनुभव धरणावर सगळाच लागू पडत नाहीं. त्यांतून चैत्र, वैशाख व ज्येष्ठांत दुपारनंतर ढग चढून वळवाचा झंझावात केव्हां येईल याचा नेम नसतो. हीच वेळ पाहुण्यांच्या आवडीची. कारण ऊन उतरलेलें असतें व सूर्यास्त पाहावयाचा असतो. हवामान खात्याकडून वादळाची सूचना तासदोन तास आधीं मोबाइलवर मिळते, फवारणी व मळणीसाठीं आपण ती पाहतोंहि. तीच सूचना होडी सोडण्यापूर्वीं कां पाहूं नये? पूर्वेकडे अगर पश्चिमेकडे आभाळ काळवंडलें तर त्या दिवसाचें भाडें गेलें असें समजावें. एक फेरी बुडाली तर शेंपांचशें रुपये बुडतात.

आणखी एक धोका शहरच्या माणसास माहीत नसतो, तो आपणांसच माहीत आहे. उन्हाळ्यांत पाणी उतरलें कीं तळचा मुलूख वर येऊं लागतो. उजनींत पळसदेवचें जुनें देऊळ पाण्यांतून डोकें काढतें व त्याची छायाचित्रें वर्तमानपत्रांत येतात. परंतु देवळाबरोबर पडक्या भिंती, झाडांचे बुंधे, बांध आणि विहिरींचीं तोंडेंहि पृष्ठभागाजवळ आलेलीं असतात, त्यांचीं छायाचित्रें कोणी काढीत नाहीं. इंजिनाचा पंखा त्यांवर आपटला कीं होडी भर पाण्यांत बंद पडते. काठाजवळ गुडघाभर पाणी आहे म्हणून उडी टाकणाऱ्या पाहुण्याचा पाय जुन्या विहिरींत जाऊं शकतो. कोणाच्या विहिरी कोठें होत्या हें सांगणारे वृद्ध अद्याप गांवोगांव हयात आहेत. त्यांना होडींत बसवून अशा जागा दाखवून घ्याव्या आणि तेथें नांगर टाकून रंगीत डबे तरते बांधून ठेवावे. या कामास सरकारची वाट पाहण्याचें कारण नाहीं, आणि हे वृद्ध गेल्यावर तें कोणत्याहि सरकारला करतां येणार नाहीं.

आतां लाइफ जॅकेटाविषयीं. एका जलाशयावर मागील हिवाळ्यांत आम्हीं पाहिलें तें असें: होडींत बारा जॅकेटें होतीं, तीं सर्व बांकाखालीं एका गोणींत भरून गोणीचें तोंड सुतळीनें बांधलेलें होतें. विचारतां नावाड्यानें सांगितलें कीं पाहुण्यांस तीं घालावयास नको असतात, उकडतें म्हणतात, फोटो चांगला येत नाहीं म्हणतात. तपासणीस कोणी आलें तर दाखविण्यास असावींत म्हणून आणून ठेविलीं आहेत. नावाडी बोलला तें अगदीं प्रामाणिकपणें बोलला. परंतु गोणींतलें जॅकेट व दुकानांतलें जॅकेट यांत बुडणाऱ्याच्या दृष्टीनें कांहीं अंतर नाहीं. होडी उलटण्यास पळें लागतात. त्या पळांत गोणीची गांठ सोडणें, जॅकेट शोधणें व पाण्यांत धडपडतांना तें अंगांत घालणें हें कोणास साधलें आहे? तें काठावर, होडींत पाय ठेवण्यापूर्वींच अंगांत घालून पट्टे आंवळले पाहिजेत. पट्टे सैल राहिले तर जॅकेट वर तरंगतें आणि माणूस त्यांतून खालीं निसटतो. पाण्यांत माणसाचें डोकें वर ठेवण्यास पांचसहा किलोंचें तरणबळ पुरतें, यापलीकडे या वस्तूंत कांहीं जादू नाहीं. किंमत म्हणाल तर साधें बरें जॅकेट बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपापेक्षां स्वस्त पडतें, आणि नीट वाळवून सावलींत टांगलें तर पंपापेक्षां अधिक टिकतें. मात्र उंदरांनीं कुरतडलेलीं, उन्हानें विटून फाटलेलीं जॅकेटें टाकून दिलीं पाहिजेत. जुन्या पोत्यासारखीं तीं वर्षानुवर्षें वापरावयाचीं नसतात.

‘आम्हांला पोहतां येतें’ हें उत्तर आम्हांस सर्वांत अधिक ऐकावें लागतें, आणि तें देणारे बहुधा आपलेच गांवकरी असतात. विहिरींत पोहणारा चांगला पोहणारा असतोच. परंतु विहिरीला चार हातांवर भिंत असते. फुगवट्याच्या मध्यावर वाऱ्याच्या लाटा तोंडावर आपटत असतां, अंगांत कपडे व पायांत बूट असतां, बुडणारा दुसरा माणूस गळ्याला मिठी मारीत असतां पोहणें ही निराळी विद्या आहे. कोयनेच्या खोऱ्यांत पौष-माघाच्या पहांटे पाणी इतकें गार असतें कीं त्यांत एकदम पडलेल्याचा श्वासच अडतो. म्हणून पोहतां येणाऱ्यानेंहि जॅकेट घालावें, आणि होडी उलटली तर काठाकडे पोहत सुटण्याऐवजीं उलटलेल्या होडीलाच धरून राहावें. लांकडाची होडी उलटली तरी सहसा तळाला जात नाहीं, आणि काठावरून पाहणाऱ्यालाहि एकटें डोकें दिसण्यापेक्षां होडी लौकर दिसते. काठावरच्यांनींहि बुडणाऱ्यामागें लागलीच उडी घेऊं नये. झांकण घट्ट लावलेला रिकामा तेलाचा डबा दोरीला बांधून फेंकणें हें पुष्कळ वेळां अधिक उपयोगी पडतें. असे दोनचार डबे प्रत्येक धक्क्यावर टांगलेले असावेत.

मद्यपानाविषयीं फार लिहिण्याची गरज नाहीं. तंबूंत उतरलेला पाहुणा काय पितो हा त्याचा प्रश्न असेल. परंतु प्यालेला माणूस होडींत घ्यावयाचा नाहीं हा आपला प्रश्न आहे, आणि नावाडी प्यालेला असेल तर होडी सुटतांच कामा नये. पैसे मोजणाऱ्या पाहुण्याला ‘नाहीं’ म्हणणें एकट्या नावाड्याला जड जातें. तो नाहीं म्हणाला तर शेजारचा होय म्हणतो आणि भाडें शेजाऱ्याच्या खिशांत पडतें. येथेंच या साऱ्या प्रकरणाची खरी गोम आहे असें आम्हांस वाटतें. नावाडी अडाणी आहे म्हणून जास्त उतारू भरतो असें नाहीं. तो शहाणा आहे, आणि शेजाऱ्याशीं स्पर्धा आहे म्हणून भरतो. दूधसंघ नव्हते तेव्हां दुधांत पाणी घालणाराचें कोणी कांहीं करूं शकत नव्हतें. सर्वांचें दूध एका कांट्यावर येऊं लागल्यावर तें आटोक्यांत आलें. होड्यांच्या बाबतींतहि तोच मार्ग आहे. एका धक्क्यावरील सर्व होडीवाल्यांनीं मिळून एक सहकारी संस्था करावी, तिकीट संस्थेनें फाडावें, होड्यांनीं पाळीपाळीनें सुटावें आणि भाड्याची वांटणी ठरलेल्या हिश्शानें व्हावी. मग जास्त माणसें कोंबण्यांत कोणाचाच लाभ उरत नाहीं, आणि वारा सुटला म्हणून फेऱ्या बंद ठेवल्या तर तोटाहि सर्वांत वांटला जातो. होडीच्या बाजूवर ‘इतकेच उतारू’ असा आंकडा मोठ्या अक्षरांत रंगवावा व तिकीटबारीवरहि लिहावा, म्हणजे उतारूच नावाड्याला हटकतील.

यावर कांहीं मंडळी म्हणतात, ‘एकदां नोंदणी व परवाने आले कीं साहेब आले, आणि साहेबांबरोबर चिरीमिरी आली.’ ही भीति निराधार नाहीं; खेड्यांतील माणसानें ती पुष्कळ भोगली आहे. परंतु कायदा आतां दारांत उभा आहे. सन १९१७ चा जुना अंतर्गत जलवाहतुकीचा कायदा जाऊन सन २०२१ चा नवा कायदा आला आहे. यंत्रावर चालणाऱ्या होड्यांची तपासणी, नोंदणी व विमा या गोष्टी त्यांत आहेत. आणि यंत्राशिवाय चालणाऱ्या होड्यांच्या नोंदीचें काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवितां येईल अशी तरतूदहि आहे. ही तरतूद आपल्या उपयोगाची आहे. ज्या ग्रामपंचायतीस आपल्या हद्दींतील होड्यांची मोजदाद, त्यांची रुंदी-लांबी, मालकांचीं नांवें व ठरलेले उतारू आजच वहींत लिहून ठेवतां येतील, त्या गांवीं उद्यां येणाऱ्या तपासनिसास बोट ठेवण्यास जागा कमी राहील. विम्याचा विचार करतांहि नोंद नसलेली होडी म्हणजे पीकपेरा न लावलेलें शेत. नुकसान झालें तरी मागणी कशावर करणार? अपघात झाल्यावर गुन्हा नोंदला जातो तो होडीच्या मालकावर. ज्या कुटुंबाची दोन एकर जमीन धरणांत गेली, त्याची उरलेली दोन एकर कज्जाखर्चांत जाण्यास एक रविवार पुरे आहे.

सरकारकडेहि आपलें मागणें आहे आणि तें स्पष्टपणें मांडलें पाहिजे. राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणानें होड्यांच्या सुरक्षिततेविषयीं सन २०१७ मध्यें मार्गदर्शक सूचना काढल्या. पण त्या मराठींत, नावाड्याला कळतील अशा भाषेंत गांवोगांव पोंचल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. जलाशय पाटबंधारे खात्याचा, पर्यटन एका खात्याचें, बोटींची तपासणी दुसऱ्याची, आणि मेलेल्याचा पंचनामा पोलिसांचा, अशी जी वांटणी आहे तिच्यांत नावाड्यानें विचारावें तरी कोणास? जिल्ह्यांतील एका अधिकाऱ्याकडे हें सर्व सोंपवावें, आणि त्यानें तालुक्याच्या गांवीं बसण्यापेक्षां हंगामाच्या आरंभीं धक्क्यावर येऊन होड्या तपासाव्या. जेथें होडी ही हौस नसून नित्याची वाट आहे तेथें पुलाची मागणी रास्तच आहे व ती आपण सोडूं नये. परंतु पूल उभा राहीपर्यंतचीं वर्षेंहि माणसांना पार करावयाचीं असतात.

आपल्या संघापुरतें बोलावयाचें तर एक गोष्ट याच वर्षीं होण्यासारखी आहे. खतें व बियाणें जशीं आपण एकत्र खरेदी करतों तशींच लाइफ जॅकेटें एकत्र खरेदी करावींत, आणि काठच्या गांवांतील सभासदांस तीं पुढील हंगामाच्या वसुलींतून फेडण्याच्या बोलीवर द्यावींत. दिवाळीच्या सुटीपूर्वीं तीं धक्क्यांवर पोंचलीं पाहिजेत. कारण सुटी लागली कीं शाळांच्या सहली सुरू होतात. खरेदींत चौथा हिस्सा तरी मुलांच्या मापांचा असावा. मोठ्या माणसाचें जॅकेट मुलाच्या अंगांत घातलें तर पाण्यांत पडतांच तें डोक्यावरून निघून जातें, आणि मुलांच्या मापाचीं जॅकेटें तालुक्याच्या दुकानांत सहसा ठेवीत नाहींत; तीं आधीं सांगून मागवावीं लागतात. ज्या सभासदांस तीं हवीं असतील त्यांनीं मुलांचीं वयें व वजनें यांसह मागणी श्रावण संपण्यापूर्वीं कार्यालयाकडे लिहून पाठवावी.